नाण्यांचा थोर संग्रह

नाण्यांचा थोर संग्रह धनिकासच साधतो, हा समज खरा नव्हे. १९३९ सालीं तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतील तऱ्हाळा गांवीं सुमारें १,६०० सातवाहन नाणीं सांपडलीं. सोनें नव्हे, रुपें नव्हे. हलका मिश्रधातु, वर सोंड उचललेला हत्ती. अशा नाण्यांवर राजाचें नांव क्वचितच पुरतें उमटतें. एकावर अर्धें, तर दुसऱ्यावर उरलेलें. सांठा फुटला कीं नांवही फुटलें! महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तीं अक्षरें ताडून वाचलीं, तेव्हां पुराणांस अज्ञात असे कुंभ व कर्ण सातकर्णी उजेडांत आले.

आपल्या चांदूर बाजाराकडील शेतांत नांगरास नाणें लागलें, तर आधीं स्थळ लिहून ठेवा, जिल्हाधिकाऱ्यांस कळवा. घासूं मात्र नका. बाळपणीं मीं आजोबांचें एक नाणें चिंचेनें लखलखीत केलें. त्यावरील अक्षरें त्याच दिवशीं गेलीं.