रॅम घेशील तर ईसीसीच घे

घरात फाइल सर्व्हर लावते आहेस ना पोरी, मग पैसे कुठे घालायचे ते आधी ऐक. डिस्क पुढेमागे मोठी घेता येते. रॅम मात्र पहिल्या दिवसापासून ईसीसीच हवी.

फाइल सिस्टीम म्हणून झेडएफएस घे, डिस्कवरची चूक ते पकडतं. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ते त्याच्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवतं, वाचताना ताडून बघतं आणि जुळला नाही, तर मिररमधल्या दुसऱ्या डिस्कवरून चांगली प्रत आणून बसवतं. पण फोटो डिस्कवर जायच्या आधी रॅममध्ये असतो. तिथेच एखादा बिट उलटला, तर चेकसम त्या बिघडलेल्याच फोटोचा निघतो. मग कितीही वेळा स्क्रब करून सगळी डिस्क तपास, सगळं ठीकच दिसणार. आजीचा फोटो उघडशील, तर कपाळापर्यंत नीट आणि खाली रंग फिरलेले. बॅकअपमध्येही तोच गेलेला असतो गं.

ईसीसी रॅम ६४ बिटांमागे ८ जादा बिट बाळगते. एक बिट उलटला तर तिथल्या तिथे सुधारते, दोन उलटले तर निदान सांगते तरी. गूगलच्या सर्व्हरांवरचा अभ्यास २००९ साली छापून आला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांवर चुका सापडल्या होत्या. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यताही खूप जास्त निघाली. म्हणून लॉगमध्ये चूक दिसली की पट्टी बदल, वाट बघू नकोस.

रॅम आणायला लॅमिंग्टन रोडला गेलीस की कुणीतरी म्हणेलच, डीडीआर५मध्ये ईसीसी आतच असते. ती चिपच्या पोटातली. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचा उपयोग नाही. जुन्या सर्व्हरमधल्या रजिस्टर्ड पट्ट्या स्वस्त मिळतात, पण साध्या डेस्कटॉप बोर्डावर चालत नाहीत. अनबफर्ड ईसीसी माग, आणि बोर्ड व प्रोसेसर दोघांनाही ती चालते का, ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये वाच.

बसवल्यावर लिनक्समध्ये डीएमआयडीकोड चालव. डीडीआर४ असेल तर टोटल विड्थ ७२ आणि डेटा विड्थ ६४ दिसायला हवी. एवढ्यावर थांबू नकोस, ईडॅक ड्रायव्हर चालू आहे का तेही बघ. नाहीतर चुका होतील आणि तुला पत्ताच नाही. रात्रभर मेमटेस्ट लाव. स्क्रब महिन्यातून एकदा.

ईसीसी नाहीच परवडली, तरी झेडएफएस सोडू नकोस. ईसीसीशिवाय ते जास्त धोक्याचं, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. खराब रॅम कुठल्याही फाइल सिस्टीमची वाट लावते. अशा वेळी कॅमेऱ्याचं कार्ड लगेच पुसायचं नाही. फोटो चढवून झाले की सर्व्हर एकदा रीस्टार्ट कर, मग दोन्हीकडच्या फाइलींचे एसएचए-२५६ काढून ताडून बघ. जुळले की पूस.