चाळिशीनंतरचे बळ आणि डब्यातली भुकटी

सुरतेहून कामरेजकडे जाताना आता सगळीकडे वस्ती दाटली आहे. खानदेशातून पोटासाठी आलेली कित्येक मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली आहेत. हिऱ्याच्या घंटीवर बसणारा असो की कापडाच्या दुकानात हिशेब लिहिणारा, आठ-दहा तास बैठक ठरलेलीच. चाळिशी उलटली की पोट सुटते, जिना चढताना धाप लागते, आणि कोणीतरी व्यायामशाळेची वाट दाखवितो. वाट चांगलीच आहे. परंतु तेथे लवकरच प्रोटीनच्या डब्याची गोष्ट निघते आणि घरखर्चातले काही हजार रुपये त्यात जातात.

डबा नवा असला तरी धंदा जुना आहे. यूजेन सँडो हा प्रसिद्ध पहिलवान 1904-05 च्या सुमारास हिंदुस्थानात प्रयोग करून गेला. पुढे त्याने स्वतःच्या नावाचा शक्तिवर्धक कोको विकावयास काढला. त्याचे दंड काही कोको पिऊन झाले नव्हते! औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868-1951) यांनी सँडोची साधने आणवून सुमारे दहा वर्षे व्यायाम केला, आणि शेवटी ती बाजूस ठेवून सूर्यनमस्कार धरले. त्यांना थोडी मोकळी जमीन पुरते. (आपल्यापैकी कोणास त्या नावाची अडचण वाटल्यास त्याने जोर-बैठका काढाव्या, स्नायूंना नाव कळत नाही.)

आता ताटाचा हिशेब पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या मानाप्रमाणे प्रौढास वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे साठ किलोच्या माणसास 50 ग्रॅम. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम असतात, तेवढ्याच शेंगदाण्यांत 25, एका अंड्यात 6. आपल्या घरी भाकरी भरपूर आणि वरण पातळ असते, उणीव असली तर तेथे आहे. डब्यातली भुकटी बहुधा चीज करताना उरलेल्या पाण्याची असते. ती विष नव्हे. पण डब्यावर लिहिलेले आत असेलच असेही नाही. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत भारतात विकल्या जाणाऱ्या 36 भुकट्यांपैकी सुमारे 70 टक्क्यांवर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे छापलेले आढळले.

सर्वांत मोठी काळजी वेगळीच आहे. मधुमेहाने वा रक्तदाबाने मूत्रपिंड बिघडू लागते तेव्हा आरंभी काहीच दुखत नाही. अशा माणसाने प्रथिनांचा मारा केल्यास बिघाड वाढू शकतो. शिवाय ज्या थकव्यासाठी डबा आणला, तो थकवा कधी कधी रक्तातल्या साखरेचाच असतो. म्हणून चाळिशीनंतर डब्यापूर्वी रक्त-लघवीची तपासणी व रक्तदाब पाहणे हे पहिले काम.

पौलाने तीमथ्याला लिहिताना शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा का होईना, मान्य केलाच आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटे झपझप चालणे व दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. चाळिशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे झिजत असल्याने ते दोन दिवस विशेष सांभाळावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा हिशेब तरुणांच्या वर्गातही मांडावा. डबा पुष्कळदा मुलगाच प्रथम घरी आणतो, आणि मग बाप त्यातलाच चमचा घेऊ लागतो.