पाहा आणि राखा
(धर्मशिक्षण वर्गातील विद्यार्थ्यांचा अभ्यास)



धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हा नववी-दहावीच्या मुलांना 'निसर्गाचा आनंद आणि निसर्गाचे रक्षण' हा विषय अभ्यासासाठी देण्यात आला. पुष्कळदा या दोन गोष्टी वेगवेगळ्या मानल्या जातात. आनंद आपण सुट्टीच्या दिवशी घ्यायचा आणि रक्षण मात्र सरकारने करायचे! पण बायबलमध्ये त्या एकत्रच येतात. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो, तेव्हा तिथली फळे खाण्याची मोकळीक देतो आणि बागेची मशागत व राखण करण्याचे कामही सोपवतो. प्रभू येशूनेही चिंतेत बुडालेल्या लोकांना आधी आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे पाहायला सांगितले (मत्तय ६). म्हणजे डोळे उघडून पाहणे हासुद्धा श्रद्धेचाच भाग आहे.

आपण नवी मुंबईकरांनी कुठे पाहायचे? त्यासाठी महाबळेश्वरला जायची गरज नाही. आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर ठाण्याची खाडी आहे. आम्ही तिचाच अभ्यास केला.

खाडीवरचे पाहुणे

दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास हजारो फ्लेमिंगो या खाडीत येतात आणि पावसाळ्यापूर्वी परत जातात. मराठीत त्यांना रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. त्यांतील बरेचसे गुजरातमधील कच्छच्या रणाकडून येतात. त्यांची घरटी आणि पिले तिकडेच. हा पक्षी मान खाली घालून, चोच पाण्यात उलटी धरून चिखलपाणी गाळतो आणि त्यातील सूक्ष्म शेवाळ व बारीक जीव खातो. या अन्नातील रंगद्रव्यांमुळेच त्याला गुलाबी रंग येतो. त्याची पिले जन्मतः राखाडी असतात.

एक गोष्ट आपण नीट समजून घ्यावी. फ्लेमिंगो दिसले म्हणजे खाडी स्वच्छ आहे असे नाही. शहरांच्या सांडपाण्यामुळेही खाडीत शेवाळ वाढते आणि ते खायला पक्षी येतात, असे अभ्यासक सांगतात. पाहुणा आला म्हणून आपले घर नीटनेटके आहे असे थोडेच असते?

भरती-ओहोटीचे गणित

खाडीला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा पक्षी तिथे चरतात. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा त्यांना विसाव्यासाठी उथळ पाण्याची जागा लागते. नेरूळ-सीवूड्स भागातील टी. एस. चाणक्य, एनआरआय आणि डीपीएस तलाव या अशाच जागा आहेत. खाडी म्हणजे त्यांचे जेवणघर, तर ही तळी म्हणजे त्यांची ओसरी. जेवणघर राखले आणि ओसरी बुजवली तर पाहुणा टिकत नाही.

हे नुसते कल्पनेतले बोलणे नाही. एप्रिल २०२४ मध्ये डीपीएस तलावाच्या परिसरात काही फ्लेमिंगो मेलेले आढळले. भरतीचे पाणी आत येण्याची वाट बंद झाल्याने तलाव कोरडा पडत चालला होता. पुढच्याच महिन्यात, २० मे २०२४ च्या रात्री, खाडीपलीकडे घाटकोपरला विमानाची धडक बसून ३९ फ्लेमिंगो मेले. डिसेंबर २०२५ पासून तर आपल्या नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने उडू लागली आहेत. पक्ष्यांच्या ठरलेल्या विसाव्याच्या जागा गेल्या, तर ते दुसरी जागा शोधत भरकटणार. त्यात धोका पक्ष्यांना आहे आणि विमानातील माणसांनाही. आपल्या शहराला 'फ्लेमिंगो सिटी' म्हणतात, चौकांत त्यांचे पुतळेही उभे आहेत. पण पुतळ्याला विसाव्याची जागा लागत नाही, जिवंत पक्ष्याला लागते.

तिवरांची भिंत

पाम बीच रोडवरून जाताना दिसणारी हिरवी झाडी अनेकांना नुसते झुडूप वाटते. ती खारफुटी आहे. खाडीकाठचे लोक तिला तिवर म्हणतात. चिखलात हवा कमी असते, म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी चिखलातून वर येतात. खाऱ्या पाण्यातले जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. पान निरखून पाहिले तर मिठाचे बारीक कण दिसतात. या मुळांमध्ये गाळ अडतो, लाटांचा जोर मोडतो, आणि मासळी, कोळंबी, खेकडे यांची पिल्ले वाढतात. इथल्या आगरी-कोळी बांधवांच्या कित्येक पिढ्या या खाडीवर जगल्या. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली व त्यानंतर हे शहर उभे राहिले. त्याच्या कितीतरी आधीपासून ती माणसे ही खाडी ओळखतात.

आपले शहर बऱ्याच ठिकाणी सखल, भराव घातलेल्या जमिनीवर वसले आहे. म्हणून इथे धारण तलाव बांधले आहेत. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी या तलावांत साठवायचे आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचे, अशी ती योजना आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस घरातील मोठ्यांना आठवतच असेल. पाण्याची जागा बुजवली, तर पाणी आपल्या घरात येते. तेव्हा खाडी राखणे म्हणजे केवळ पक्ष्यांवर उपकार करणे नव्हे.

कायदा आहे, राखणदार हवेत

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीची तोड थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला आणि २०१८ च्या निकालात खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. २०२२ मध्ये त्याला जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून 'रामसर' दर्जा मिळाला. तरीही रात्रीच्या अंधारात खाडीकाठी डेब्रिजचे डंपर रिकामे होतात. कायदा कागदावर राखण करतो. काठावर राखण करायला शेजारी लागतो. आणि ज्याला ती जागा आवडते, तोच तिच्याकडे लक्ष ठेवतो. आम्हाला आनंद आणि रक्षण यांचे नाते इथे सापडले.

मात्र आनंदालाही शिस्त हवी. पक्ष्यांच्या अगदी जवळ गेलो, आरडाओरडा केला, ड्रोन उडवला, तर ते चरणे सोडून उडतात आणि त्यांची शक्ती वाया जाते. खारघरच्या पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी असतानाही काही जण जातात. तिथे तरुणांचे जीव गेले आहेत. मागे प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या पडतात, त्या वेगळ्याच. देवाच्या सृष्टीत आपण यजमान नाही, पाहुणे आहोत.

आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

१. सणाच्या जेवणाला घरून ताट-पेला आणावा. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच.
२. कुटुंबाने वर्षातून एकदा तरी ओहोटीची वेळ पाहून खाडीकाठी जावे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात खारफुटीची चांगली माहिती मिळते.
३. तिवरांत भराव किंवा कचरा पडताना दिसला, तर फोटो, ठिकाण आणि वेळ नोंदवून महापालिकेला किंवा वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवावे. एकट्याने भांडायला जाऊ नये; समूहाच्या वतीने पत्र द्यावे.
४. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा 'सृष्टीचा काळ' ख्रिस्तसभेत पाळला जातो. त्याचा शेवट संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणाला होतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. या काळात एका रविवारच्या मिस्सात खाडीसाठी आणि खाडीवर पोट असलेल्यांसाठी प्रार्थना व्हावी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपल्या सर्वांचे सामाईक घर म्हटले आहे. घरात राहण्याचा आनंद सर्वांचा, तशी झाडलोटही सर्वांची. मोठ्यांना आमची विनंती इतकीच आहे, की आम्हाला खाडी दाखवायला घेऊन चला. पाहिलेल्या गोष्टीवर आम्ही प्रेम करू, आणि प्रेम केले तर राखूही.

समूहाच्या सभेत चर्चेसाठी

• आपल्या घराजवळचा नाला किंवा धारण तलाव कुठे आहे? त्याचे पाणी कुठे जाते?
• गेल्या वर्षभरात आपण निसर्गाचा आनंद कोठे घेतला? तिथे मागे काय सोडून आलो?
• उत्पत्ती २ वाचा. 'राखण' या शब्दाचा अर्थ आपल्या वसाहतीसाठी काय होतो?