उभी गाडी सरकते कशी?

पाठ परिचय : चालती गाडी थांबवणे जितके महत्त्वाचे असते, तितकेच थांबलेली गाडी जागेवर ठेवणेही महत्त्वाचे असते. हे काम हँडब्रेक करतो. जुन्या गाडीचा हँडब्रेक का बिघडतो आणि तो कसा दुरुस्त करतात, याची माहिती या पाठात संवादातून दिली आहे.

सादिकचे घर चिपळूणजवळच्या एका गावात, टेकडीच्या उतारावर आहे. घरासमोरचा रस्ता खालच्या मैदानापर्यंत उतरत जातो. संध्याकाळी तेथे लहान मुले खेळतात. सादिकच्या अब्बांकडे जुनी मारुती ८०० गाडी आहे. ही गाडी भारतात १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. आजही काही घरांत ती जपून वापरली जाते.

एके दिवशी अब्बांनी गाडी दारात उभी केली. हँडब्रेक ओढून ते खाली उतरले. तोच गाडी हळूच हातभर सरकली! अब्बांनी चटकन चाकाला दगड लावला. दादी म्हणाल्या, “खाली मुले खेळतात. दगडाच्या भरवशावर गाडी ठेवू नकोस. उद्याच मिस्त्रीला दाखव.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सादिकही अब्बांबरोबर गॅरेजमध्ये गेला. मिस्त्रीचाचा गाडीत बसले. दोन सीटांच्या मधला लिव्हर त्यांनी वर ओढला. ‘कट्, कट्’ असा आवाज येऊ लागला. सादिक मोजू लागला.

“बारा झाले, चाचा!”

“बारा झाले तरी लिव्हर ढिलाच आहे, बेटा. चांगला हँडब्रेक साधारण पाच-सात आवाजांत घट्ट लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो.”

“पण चाचा, हा आवाज कशाचा?”

“लिव्हरजवळ एक दातेरी पट्टी असते. तिच्या दातांत खटका अडकतो. म्हणून ओढलेला लिव्हर आपोआप खाली येत नाही. टोकाचे बटण दाबले की खटका सुटतो.”

“आणि चाके कशी अडतात?”

“लिव्हरला पोलादी तार जोडलेली असते. तिला आम्ही केबल म्हणतो. ती मागच्या दोन्ही चाकांपर्यंत जाते. तिथे ड्रम असतो आणि ड्रमच्या आत अर्धगोल आकाराचे दोन ब्रेक शू असतात. केबल ओढली की शू पसरतात आणि ड्रमला आतून घट्ट चिकटतात. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात घर्षण शिकवतात ना? तेच घर्षण चाकाला अडवते.”

“मग पायाचा ब्रेक तर चांगला आहे. हँडब्रेकच का लागत नाही?”

“पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो आणि हँडब्रेक केबलवर. म्हणून एक चांगला असूनही दुसरा निकामी असू शकतो.”

सादिक लगेच म्हणाला, “मग केबल ढिली झाली असेल. नट फिरवून ताणली की झाले!”

मिस्त्रीचाचा हसले. “बरेच जण असेच करतात. पण ताप का आला हे न पाहता गोळी घेण्यासारखे आहे ते. आत शू झिजले असतील, तर केबल ताणून दोष फक्त झाकला जातो. आधी चाक उघडून पाहू, केबल शेवटी.”

त्यांनी गाडी सपाट जागी घेतली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. मग हँडब्रेक सोडला. जॅकने गाडीचा मागचा भाग उचलून खाली दोन भक्कम घोड्या लावल्या. ते म्हणाले, “हे ध्यानात ठेव. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही. जॅक निसटला तर माणूस दबतो.”

चाक आणि ड्रम काढल्यावर काळी धूळ दिसली. सादिक फुंकर मारणार, इतक्यात चाचांनी त्याला थांबवले. “फुंकू नकोस! जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे. त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर गंभीर आजार होतात.” त्यांनी तोंडाला मास्क लावला आणि ओल्या कापडाने धूळ अलगद पुसली.

शूवरचे लायनिंग झिजून पातळ झाले होते. उजव्या बाजूची केबलही नीट सरकत नव्हती. कोकणातल्या पावसाचे पाणी तिच्या आवरणात शिरून आतली तार गंजली होती. तारेचे काही धागेही तुटले होते.

“तेल सोडून चालणार नाही का?” अब्बांनी विचारले.

“नाही, भाईसाहब. धागे तुटलेली केबल केव्हाही दगा देते. नवीनच घालू. आणि शूसुद्धा दोन्ही चाकांचे बदलू. एकाच बाजूचे बदलले तर दोन्ही चाकांना सारखा ब्रेक लागणार नाही. बरे झाले, ब्रेकचे तेल आत गळलेले नाही. लायनिंगला तेल लागले तर शू घसरतात. मग पायाचा ब्रेकही धोक्यात येतो.”

मिस्त्रीचाचांनी नवे शू बसवले. ड्रम घालून शूचे अंतर नीट केले. नंतर नवी केबल जोडली. सर्वांत शेवटी केबलचा नट थोडा थोडा आवळला आणि प्रत्येक वेळी लिव्हर ओढून पाहिला. सहाव्या आवाजाला लिव्हर घट्ट झाला. मग त्यांनी लिव्हर खाली केला आणि सादिकला मागची चाके हाताने फिरवायला सांगितली. चाके मोकळी फिरली.

“हे का पाहिले, सांग बरे?”

“ब्रेक सुटतो की नाही, हे पाहायला,” सादिक म्हणाला.

“शाब्बास! केबल फार आवळली तर शू ड्रमला सतत घासत राहतात. ड्रम तापतो, लायनिंग झिजते आणि पेट्रोलही जास्त जळते. ब्रेक लागायला हवा, तसाच तो सुटायलाही हवा.”

चाके बसवल्यावर गाडी जवळच्या मोकळ्या उतारावर नेली. अब्बा आत बसले होते. त्यांचा पाय ब्रेकजवळ तयार होता. गाडीचे तोंड आधी चढाकडे आणि मग उताराकडे करून पाहिले. दोन्ही वेळा गाडी जागची हलली नाही.

निघताना मिस्त्रीचाचांनी काही गोष्टी सांगितल्या. चढाकडे तोंड करून गाडी उभी केली तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाकावा. उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स गिअर टाकावा. हँडब्रेक मात्र दोन्ही वेळा ओढावा. तो रोज वापरला तर केबल अडकून बसण्याची भीती कमी होते. चाकाला दगड लावलाच, तर निघताना तो रस्त्याच्या कडेला टाकावा. रस्त्यात राहिलेला दगड रात्री मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेतू शकतो.

आपला कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार चालकाला सार्वजनिक जागी गाडी सोडून जाताना इंजिन बंद करावे लागते. तसेच ब्रेक लावून किंवा दुसरा उपाय करून, गाडी चुकून चालू लागणार नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे गाडीतून उतरल्यावरही चालकाची जबाबदारी संपत नाही. गाडी जुनी असली तरी चालेल, पण तिचा ब्रेक भरवशाचा असला पाहिजे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीवही आपल्याइतकाच मोलाचा आहे.

शब्दार्थ
उतार – ढलान
निकामी – नाकारा, बेकार
दातेरी – दंदानेदार
गंज – जंग
घर्षण – रगड
फुप्फुस – फेफडा
जबाबदारी – जिम्मेदारी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सादिकचे घर कोठे आहे?
(आ) लिव्हर ओढताना आवाज कशामुळे येतो?
(इ) उताराकडे तोंड करून उभ्या केलेल्या गाडीत कोणता गिअर टाकावा?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) मिस्त्रीचाचांनी सादिकला धूळ फुंकू दिली नाही.
(आ) दोन्ही चाकांचे शू एकाच वेळी बदलले.
(इ) चाकाला लावलेला दगड रस्त्यात सोडू नये.

प्र. ३. पुढील कामे योग्य क्रमाने लिहा.
केबलचा नट आवळणे, घोड्या लावणे, नवे शू बसवणे, पुढच्या चाकांना ठोकळे लावणे, उतारावर गाडी तपासणे.

प्र. ४. वचन बदला.
चाक, तार, खटका, दगड.

उपक्रम : वडीलधाऱ्या माणसाबरोबर जवळच्या गॅरेजला भेट द्या. तेथे पाहिलेल्या पाच अवजारांची नावे मराठीत व उर्दूत लिहा.