पोस्टेज आधी सांग, बाय

ऑनलाइन लिलावाला वस्तू लावायची म्हटली की लोक आधी फोटो काढतात, मग बोलीची सुरुवात ठरवतात आणि पोस्टेजचं बघतात वस्तू विकली गेल्यावर. तू उलट कर, बाय. आधी वजन कर. स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा छोटा काटा त्याला पुरतो. पण विकायचं नुसतं टपाल तिकीट नाहीतर नाणं त्यावर ठेवू नकोस. पुठ्ठा, प्लास्टिकची पिशवी, पाकीट, चिकटपट्टी, सगळ्यासकट ठेव. पोस्टातली बाई सगळ्यासकटच मोजते.

हे का सांगतो ते ऐक. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं आणि ऑक्टोबरपासून नवे दर आले. 50 ग्रॅमपर्यंतचं पाकीट स्थानिक हद्दीबाहेर देशात कुठेही 47 रुपयांत जातं, वर जीएसटी, म्हणजे साधारण 55-56 रुपये. 50 च्या पुढे, 250 ग्रॅमपर्यंत, अंतराचा हिशेब लागतो. 200 किलोमीटरच्या आत 59, 2000 च्या पलीकडे 77, आणि जीएसटी त्याच्यावर. आपल्या गोव्यातल्या पेडण्याहून कोल्हापूरला एक भाव, गुवाहाटीला दुसरा. तुझं पाकीट 46 ग्रॅमचं असेल आणि हौसेने तू आणखी एक जाड पुठ्ठा घातलास तर तो पुठ्ठा गिऱ्हाइकाला, अंतर बघून, जीएसटीसकट चौदा ते पस्तीस रुपयांना पडतो. तेव्हा पुठ्ठा निवडताना काटा समोर असू दे. पार्सलचे दर वेगळे आहेत, ते काउंटरवरच विचारून घे. दर बदलत राहतात, गेल्या वर्षीचा कागद भिंतीला लावून ठेवू नकोस.

पेडणे-डिचोलीच्या माणसाला लिलाव काय असतो ते शिकवावं लागत नाही. आरत्या झाल्या की देवळात पावणी होते, नारळाचा, केळीच्या घडाचा बोल चढत जातो, शेवटचा बोल ज्याचा त्याने तेवढे पैसे द्यायचे. नारळ हातात पडल्यावर कोणी म्हणाला, 'आता उचलून दिल्याचे वेगळे', तर मंडपात काय गोंधळ होईल बघ. ऑनलाइन लिलावात असंच होतं आणि लोक निमूट देतात.

तिथली जुनी युक्ती अशी: बोली एक रुपयापासून, आणि खाली बारीक अक्षरात पोस्टेज अडीचशे. बोली लावणाऱ्याचं लक्ष एक रुपयावर. विकणाऱ्याचा यात दुहेरी फायदा असायचा, कारण लिलाव चालवणारी साइट कमिशन घ्यायची ते विक्रीच्या रकमेवर, पोस्टेजवर नाही. शिवाय माल परत आला तरी पोस्टेज बहुधा परत द्यावं लागत नसे. शेवटी अमेरिकेत ईबे या लिलावाच्या साइटने 2011 पासून पोस्टेजवरही कमिशन कापायला सुरुवात केली, तेव्हा तिकडे ही चाल थोडी मोडली. आपल्याकडे 2000 साली बाझी डॉट कॉम आलं, 2004 मध्ये ते ईबेने घेतलं आणि 2018 मध्ये ईबे इंडिया बंद झालं. तेव्हापासून आपले तिकीटवाले, नाणीवाले बरेचसे व्हॉट्सअॅप आणि फेसबुकच्या ग्रुपवर बोली लावतात. तिथे कमिशनही नाही आणि कोणी विचारणाराही नाही. 'शिपिंग एक्स्ट्रा' एवढंच लिहितात. किती एक्स्ट्रा, ते हातोडा पडल्यावर कळतं. तू आकडा लिही. कोणत्या सेवेने पाठवणार तेही लिही.

आता आकडा काय लावायचा? पोस्टाला जातात ते, अधिक पाकीट-पुठ्ठ्याचे खरे पैसे, आणि पुढच्या दहाला पूर्ण. 56 चं पोस्ट आणि 8 चं सामान असेल तर 70 म्हण, कोणी नाव ठेवणार नाही. पोस्टापर्यंतचं पेट्रोल, तुझा अर्धा तास, रांगेतला वैताग हे पोस्टेजमध्ये घालू नकोस. ते हवंच असेल तर बोलीची सुरुवात वर ठेव. ती सगळ्यांना दिसते. काजूच्या जुन्या खोक्यातून माल पाठवलास तर त्यात वाईट काही नाही, मजबूत असतो तो. पण नव्या खोक्याचे पैसे लावू नकोस.

आणि एक ध्यानात ठेव, पाकिटावर लेबल असतं. पोस्टाने किती घेतले ते त्यावर छापलेलं असतं. तू स्पीड पोस्टचे पैसे घेऊन साध्या टपालाने पाठवलंस तर गिऱ्हाईक दारातच ओळखतं. स्वस्तातलं तिकीट साध्या पाकिटातून जायला हरकत नाही, 20 ग्रॅमचं पत्र पाच रुपयांत जातं. पण हरवलं तर जबाबदारी कोणाची, ते आधी ठरलेलं असलं पाहिजे. आणि प्रत्यक्षात अंदाजापेक्षा बरेच कमी लागले तर फरक परत कर. चार-पाच रुपयांसाठी नको. त्यात समोरच्याचाही वेळ जातो.

एकाच माणसाने पाच लॉट घेतले तर पाकीट एकच. हे लिलावाच्या मजकुरातच लिहून टाक. पोर्तुगीज इंडियाची तिकिटं जमवणारे असेच घेतात, 1871 पासूनचं एखाद-दुसरं आणि 1959 ची, रुपया जाऊन एस्कुडो आला तेव्हाची, ढीगभर. पाच वेळा पोस्टेज कापलंस तर तो सहावा लॉट दुसरीकडून घेईल.

'पोस्टेज मोफत' लिहिण्याचा मोह टाळ. मोफत काही नसतं, किमतीत धरलेलं असतं. मग डिचोलीतून दोडामार्गला नेणाराही गुवाहाटीचं पोस्टेज भरतो. आणि लिलावात तर बोली चढलीच नाही तर ते तुझ्याच खिशातून जातं.

पावसाचं वेगळं सांगतो, कारण बाहेरच्या विकणाऱ्याला ते सुचत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच पाणी असतं. मागे डिंक असलेली कोरी तिकिटं या दमटपणात एकमेकांना चिकटतात, मग तिकिटाचं मोल गेलंच. आत प्लास्टिकची बंद पिशवी हवीच, तिचे दोन रुपये लाव, खुशाल लाव.

जड वस्तूत खरी फसगत होते. समज, डिचोलीची पितळी समई विकायची आहे, वजन तीन किलो. उभीच्या उभी 40 बाय 30 बाय 30 सेंटिमीटरच्या खोक्यात घातलीस. अनेक कुरियरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून 5000 ने भागतात: 36,000 भागिले 5000, म्हणजे 7.2 किलो. तीन किलोच्या समईला सव्वासात किलोचं भाडं! समईचे भाग सुटे होतात. ते सोडव, प्रत्येक भाग वेगळा गुंडाळ, 40 बाय 20 बाय 15 च्या खोक्यात बसव. हिशेब 2.4 किलोचा येतो, म्हणजे खऱ्या वजनाचंच भाडं लागेल. आणि घेणारा म्हापशाचा किंवा बांद्याचा असेल तर सरळ विचार, 'येऊन नेता का?' पोस्टेज शून्य.

घेणाऱ्याच्या बाजूनेही थोडं. बोली लावण्याआधी पोस्टेज विचार आणि तुझ्या मनातल्या रकमेतून ते वजा कर. एखाद्या तिकिटाला पोस्टेजसकट 500 द्यायची तयारी असेल आणि पोस्टेज 70 असेल, तर तुझी शेवटची बोली 430. विकणारा लिस्बनचा असेल तर कस्टम्स वेगळं लागू शकतं, कार्डाचा परकीय चलनाचा आकारही वेगळा. ते विकणाऱ्याच्या माथी मारू नकोस. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचा लॉट सोडून दे, तिकीट पुन्हा येतं.

परदेशी पाठवायचं तर आधी वस्तूचं वय बघ. 1881 चा पोर्तुगीज इंडियाचा चांदीचा रुपया शंभर वर्षांहून जुना, 1972 च्या पुरावस्तू कायद्याने तो देशाबाहेर पाठवता येत नाही. गिऱ्हाईक कितीही पोस्टेज देवो. परदेशच्या टपालावरही लांबचा भरवसा ठेवू नकोस: ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेचे कस्टम्सचे नियम बदलले आणि आपल्या पोस्टाने तिकडची बहुतेक पार्सलं काही आठवडे घेतलीच नाहीत. नाणी देशात पाठवतानाही काउंटरवर विम्याचं विचार; विम्याचे पैसे पोस्टेजपासून वेगळे दाखव.

परत आलेल्या पार्सलाचं आधीच ठरवून घे. पत्ता घेणाऱ्याने चुकीचा दिला, किंवा वाड्याचं नाव लिहिलं आणि पिन राहिला, तर दुसऱ्यांदा पाठवण्याचं पोस्टेज त्याचं. तू भलतंच तिकीट पाठवलंस तर येण्या-जाण्याचं दोन्ही तुझं. पावती मात्र पैसे मिळाल्यावरही फाडू नकोस, माल पोचल्याचा निरोप येईपर्यंत ठेव.