घरचा स्टिरिओ : रेडिओ, सीडी आणि पेन ड्राइव्ह



उज्जैनच्या बाजारात आणि कचेरीत हिंदी चालते. आपली मराठी टिकते ती घरात बोलून आणि ऐकून. म्हणून स्टिरिओ नीट चालवणे हाही आम्ही भाषेच्या अभ्यासाचाच भाग मानतो.

रेडिओ : 'फंक्शन' किंवा 'सोर्स' बटणाने एफएम लावा. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात केंद्र शोधा. खरखर आली तर अँटेनाची तार पूर्ण उलगडून खिडकीजवळ न्या. रेडिओवरचे एकदा निघून गेले की गेले. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ साली सादर झालेली गीतरामायणाची ५६ गीते आज आपण ऐकतो, ती ध्वनिमुद्रणामुळेच.

सीडी : कडेने धरा, छापील बाजू वर ठेवा. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसल्यास पडणारा ओरखडा गाण्याच्या रेघेवरूनच जातो आणि गाणे अडकते.

पेन ड्राइव्ह : बरेच स्टिरिओ एफएटी३२ पद्धतीचा ड्राइव्ह आणि एमपी३ फाइल वाचतात. फॉरमॅट केल्यावर ड्राइव्हवरचे सारे पुसले जाते, म्हणून आधी फाइली संगणकावर उतरवा. काढण्यापूर्वी गाणे थांबवा.

गृहपाठ : आजीची एक ओवी किंवा गोष्ट मोबाइलवर मुद्रित करा. एमपी३ करून दोन ठिकाणी ठेवा आणि सर्वांनी मिळून स्टिरिओवर ऐका. पालकांनी मदत करावी. गाण्याची सीडी पुन्हा विकत मिळेल, आजीचा आवाज मिळणार नाही.