अंगठा तोंडात का जातो? पहिलीच्या वर्गातला एक अनुभव



"बाई, ही बघा, परत अंगठा चोखते!" पहिलीच्या वर्गात ही तक्रार येतेच. मी बोईसरजवळ शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती. एकदा मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "अगं, तू काय तान्हं बाळ आहेस का?" वर्ग हसला. त्यानंतर चार दिवस ती शाळेतच आली नाही. चूक माझी होती.

सवय का असते?

चोखणं ही बाळाची जन्मजात क्रिया आहे. त्यातून त्याला शांत वाटतं. बहुतेक मुलांची ही सवय दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप सुटते. पण त्यानंतरही मूल जोरात चोखत राहिलं, तर वरचे दात पुढे येऊ शकतात, पुढचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. सहा-सात वर्षांच्या सुमारास पुढचे कायमचे दात येतात, म्हणून त्याआधी सवय सुटलेली बरी.

आधी नोंद, मग उपाय

ती परत आल्यावर मी आठवडाभर फक्त वहीत लिहिलं, अंगठा तोंडात कधी जातो? वाचनाच्या तासाला आणि जेवणानंतर पेंग येताना. चित्र काढताना, मातीकाम करताना एकदाही नाही!

मग तिच्या आईशी बोलले. घरात भोजपुरी, शाळेत मराठी. वडील तारापूर एमआयडीसीत, पाळी दर आठवड्याला बदलणारी. आई म्हणाली, "मॅडम, मिरची लावून पाहिली. झोपेत तिनं डोळे चोळले, रात्रभर रडली." म्हणजे आम्ही दोघी अंगठ्याच्याच मागे लागलो होतो. पोरीला वाचलेलं कळत नव्हतं, हे कुणी पाहिलंच नाही.

आम्ही काय केलं?

१. वाचनाआधी चित्र दाखवून तिच्या भाषेतला शब्द विचारला, मग मराठी शब्द दिला.
२. वाचताना ओळीखाली बोट फिरवायचं काम दिलं. हात गुंतला.
३. खूण ठरवली. मी माझा अंगठा मुठीत लपवायचा, तिनं ओळखायचं. बाकी कुणाला पत्ता नाही.
४. घरी झोपताना हातात कापडाची बाहुली, आणि आईची पाच मिनिटं.
५. अंगठा कोरडा राहिला त्या दिवशी कॅलेंडरवर तिनंच फूल काढायचं. नाही राहिला तर बोलणी नाहीत.

दिवाळीपर्यंत वर्गातला अंगठा बंद झाला. रात्रीचा सुटायला पुढचा उन्हाळा उजाडला. घाई केली नाही, म्हणूनच सुटला.

हे टाळा

मिरची, चिकटपट्टी, हात बांधणं, भावंडांशी तुलना, चारचौघांत चिडवणं. भीती वाढली की अंगठ्याची गरजही वाढते.

पाच वर्षांनंतरही सवय असेल, दात पुढे दिसत असतील किंवा अंगठ्याला जखम असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणीला येतं. तेव्हा ही गोष्ट आवर्जून सांगा.

मूल अंगठा तोंडात घालतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. हात ओढण्याआधी ते ऐकू या.